वहीत न आलेले झेल

माझ्या उजव्या हाताची करंगळी वरच्या पेरात थोडी बाहेर वळलेली आहे. भाकरी थापताना बाकीची चार बोटं पिठाला टेकतात, ती टेकत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या ते लक्षात आलं. "काय झालं गं हिला?" मी म्हटलं, "शॉर्टस्टॉपचा थ्रो लागला." मग शॉर्टस्टॉप म्हणजे कोण, तो कुणाकडे थ्रो करतो आणि तो घ्यायला मी तिथे का उभी होते, हे सगळं सांगण्यात दुपार गेली.

मी सॉफ्टबॉल खेळायचे. जळगावात, शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत आठ वर्षं, आणि आठही वर्षं पहिल्या बेसवर. महाराष्ट्रात शाळाशाळांतून हा खेळ किती मनापासून खेळला जातो हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. आमच्या मैदानाची माती काळी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोटभर रुंदीच्या भेगा. त्या भेगेच्या कडेला आपटून चेंडू कुठे उडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी डावखुरी, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी बोट दाखवलं, "तू तिकडे." डावखुऱ्या माणसाचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे आपसूकच मैदानाच्या बाजूला असतो, आणि दुसऱ्या बेसकडे थ्रो करायला अंग फिरवावं लागत नाही. एवढंच कारण. पण त्या "तू तिकडे"मुळे मी खेळाकडे कायमची एका कोपऱ्यातून बघायला शिकले.

आता तोच कोपरा मला दर रविवारी सकाळी सात वाजता परत मिळतो. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत सिनसिनाटीला असतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. गेले तीन हिवाळे तो, मी आणि त्याचे सहा मित्र मिळून बेसबॉलचा एक जुना मोसम फाशांवर खेळतो. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. त्याने त्या वर्षी खरोखर काय केलं त्यावरून कार्डावर आकडे बसवलेले. फासे टाकायचे, बॅटिंग करणाऱ्याच्या आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावर आकडा बघायचा, फटका, बाद, चूक, जे येईल ते वहीत मांडायचं. अमेरिकेत हे वेड जुनं आहे. आप्बा नावाचा कार्डांचा खेळ 1951 साली आला, स्ट्रॅट-ओ-मॅटिक 1961 साली, आणि आता संगणकावर अख्खी लीग चालवता येते. आम्ही लहानपणी तासाला मागच्या बाकावर पुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या आकड्यावर क्रिकेट खेळायचो, त्याच कुळातलं हे. फरक इतकाच, की पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये गावसकर आणि शेवटचा फलंदाज यांना पान सारखंच उघडायचं. इथे माणसागणिक कार्ड वेगळं.

आम्ही घेतलेला मोसम आहे 1886 चा. तेव्हा दोन मोठ्या लीग होत्या. नॅशनल लीगचं तिकीट पन्नास सेंटचं. अमेरिकन असोसिएशनचं पंचवीस सेंटचं, तिथे रविवारीही खेळ चालायचा आणि बिअरही मिळायची. दोन्हींत आठ-आठ संघ. या सोळा संघांतले खेळाडू एकत्र करून आम्ही आठ नवे संघ केले. एकेकाने पाळीपाळीने एकेक माणूस उचलायचा. म्हणजे खऱ्याखुऱ्या सोळा पहिल्या बेसवाल्यांतून आठ जण निवडले जाणार, आणि त्यातला एक माझा. तो कोण असावा यावर मी जवळपास महिनाभर विचार केला. ऑफिसला जाताना, बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. हे अति वाटेल, पण पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या माणसाचं मोल ठरवणं हा माझ्यासाठी करमणुकीचा प्रश्न नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला की तो पहिल्या बेसकडे धावत सुटतो. नव्वद फुटांची धाव. तोवर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा), दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू चेंडू अडवतो आणि पहिल्या बेसवर फेकतो. तिथल्या माणसाचा एक पाय बेसला लागलेला असताना, धावणारा पोचायच्या आत, चेंडू त्याच्या हातात स्थिरावला की बॅटर बाद. एका सामन्यात असं दहा-बारा वेळा होतं. म्हणून पहिल्या बेसवाल्याच्या खात्यावर बाद केलेल्यांचा आकडा सगळ्यांत मोठा असतो, आणि तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. तो इतरांनी फेकलेल्या चेंडूंचा हिशेब आहे. पिचर जमिनीवरून फटके काढायला लावणारा असेल तर आकडा वाढतो, हवेत चेंडू उडवायला लावणारा असेल तर घटतो. माणूस तोच.

खरी गोष्ट आहे वाईट थ्रोची. डोक्यावरून जाणारा, धावणाऱ्याच्या अंगावर येणारा, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बेसच्या हातभर अलीकडे मातीत आपटणारा. तो नाही घेता आला तर वहीत चूक फेकणाऱ्याच्या नावावर चढते. घेता आला तर वहीत काहीच चढत नाही. साधा बाद, जसा रोजचा. आमच्या शॉर्टस्टॉपचा हात तोफेसारखा होता, पण तिचा प्रत्येक तिसरा थ्रो मातीत यायचा. माझी करंगळी वाकडी झाली तो थ्रो भेगेच्या कडेला लागून वर आला होता. ग्लोव्हच्या तोंडाऐवजी बोटांच्या शेंड्यावर बसला. मी तो सोडला नाही. पंचांनी आउट दिलं, मुली ओरडत मधे धावल्या, शॉर्टस्टॉपच्या पाठीवर थापा पडल्या. मी ग्लोव्ह काढला तेव्हा करंगळी भलतीकडेच बघत होती. सरांनी ती मुठीत धरली, म्हणाले "तिकडे बघ," आणि ओढली.

आणि माझ्या हातात ग्लोव्ह होता. जाड, गाद्या भरलेला. 1886 मधल्या माणसांकडे काय होतं? काही जण बोटं कापलेला पातळ कातड्याचा मोजा घालत. काही तेही नाही. मोज्याची आधी लाज वाटायची. 1875 मध्ये चार्ली वेट नावाच्या पहिल्या बेसवाल्याने मोजा घातला तो कातडीच्या रंगाचा, लांबून दिसू नये म्हणून. ही हकीकत अल स्पाल्डिंगने पुढे लिहून ठेवली. तो स्वतः तेव्हाचा मोठा पिचर. 1877 मध्ये स्पाल्डिंग पहिल्या बेसवर उभा राहू लागला तेव्हा त्याने उघडउघड काळा मोजा चढवला. त्याच्यासारख्या मोठ्या खेळाडूला कोण हसणार? पण सवय जायला वेळ लागला. सिनसिनाटीचा बिड मॅकफी दुसऱ्या बेसवर 1896 पर्यंत उघड्या हातांनी खेळला. हात कठीण व्हावेत म्हणून तो ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा असं सांगतात.

आपल्याकडे कातडी चेंडू उघड्या हातांनी झेलणं नवं नाही. स्लिपमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही तळहाताची ती आग माहीत आहे. पण स्लिपमधल्या माणसाकडे दिवसभरात दोन-तीन झेल येतात, आणि नीट बसलेल्या झेलात हात मागे नेता येतो. पहिल्या बेसवाल्याला हात मागे नेता येत नाही. उलट शक्य तितका पुढे न्यावा लागतो, कारण धावणारा अर्ध्या पावलावर असतो. सामन्यात दहा वेळा, आठवड्यात पाच सामने, मे ते ऑक्टोबर. हा विचार आला की माझ्या हातातल्या त्या गुळगुळीत कार्डांकडे मला नुसतं बघवत नाही. मी ती एकेक करून खिडकीशी नेऊन वाचते.

तर खिडकीशी नेलेली ही कार्डं.

डॅन ब्रूथर्स, डेट्रॉइट. सहा फूट दोन इंच, त्या काळात राक्षसच. 1886 मध्ये त्याची सरासरी .370, म्हणजे हजार संधींमागे 370 सुरक्षित फटके. 11 होम रन, म्हणजे एका फटक्यात चारही बेस पुरे, लीगमध्ये संयुक्त पहिला. दोन बेसच्या फटक्यांतही अव्वल. त्या सप्टेंबरात एका सामन्यात त्याने तीन होम रन मारले. तेव्हा नॅशनल लीगमध्ये चालत पहिला बेस मिळवायला चार नव्हे, सात खराब चेंडू सोडावे लागत. सात! तरीही तो चालत जायचा, कारण पिचरला त्याला चेंडू द्यायची भीती वाटायची. निव्वळ बॅटिंगवर निवड करायची तर इथेच थांबावं. आमच्या खेळात पहिल्याच फेरीत, दुसऱ्या क्रमांकावर त्याला कुणीतरी उचललं, आणि बरोबरच केलं. उतारवयात ब्रूथर्स न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रात्रीचा पहारेकरी होता. पाच वेळा बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला आलेला माणूस रिकाम्या स्टेडियममधून कंदील घेऊन फिरतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

डेव्ह ऑर, न्यू यॉर्क मेट्रोपॉलिटन्स. देहाने आडवा, वजनदार. आणि अशा माणसाने 1886 मध्ये 31 ट्रिपल मारले. ट्रिपल म्हणजे फटका मारून तिसऱ्या बेसपर्यंत धावत जाणं, म्हणजे दोनशे सत्तर फूट. अमेरिकन असोसिएशनचे पिचर नॅशनल लीगपेक्षा थोडे कच्चे, हे धरूनसुद्धा आकडा अचाट आहे. त्याचं कार्ड हातात घेतलं की मला फाशांच्या पलीकडचं आठवतं. 1890 मध्ये .371 च्या सरासरीने मोसम संपवला, आणि त्याच शरद ऋतूत एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. वय अवघं 31. पुन्हा खेळला नाही.

ॲलेक्स मॅकिनन, सेंट लुइस मरून्स. चांगला, भरवशाचा खेळाडू. पुढच्या वर्षी, 1887 मध्ये, पिट्सबर्गकडून .340 ने खेळत असताना जुलैमध्ये विषमज्वराने गेला. 1886 चं त्याचं कार्ड म्हणजे आयुष्याचं शेवटून दुसरं पान. जुना मोसम पुन्हा खेळण्यात ही एक ओझ्याची बाजू आहे. आपल्याला पुढचं माहीत असतं. भाऊ म्हणतो, "ताई, असं करत बसलीस तर खेळ कसा होणार?" पण मी त्याला शेवटच्या फेऱ्यांत राखीव म्हणून घेतलं. महिन्यातून एखादा सामना त्याला देते.

बाकीच्यांबद्दल पटकन. फिलाडेल्फियाचा सिड फरार ठीकठाक खेळाडू, पण त्याची मुलगी जेराल्डिन पुढे मोठी ऑपेरा गायिका झाली, आणि मला गाण्याची आवड असल्यामुळे त्याच्या कार्डाशी मी जरा जास्त रेंगाळले. कॅन्सस सिटीचा मॉक्स मॅक्वेरी खेळ सोडल्यावर कव्हिंग्टन गावात पोलीस झाला आणि 1900 मध्ये कर्तव्यावर असताना गोळी लागून मेला. ते कव्हिंग्टन गाव माझ्या भावाच्या घरापासून नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. वॉशिंग्टनचा जो स्टार्ट 43 वर्षांचा होता, शेवटचा मोसम. 1870 मध्ये सिनसिनाटीच्या अजिंक्य रेड स्टॉकिंग्जना ब्रुकलिनच्या ॲटलँटिक्सनी अकराव्या डावात हरवलं, त्या डावात ज्याचा ट्रिपल निर्णायक ठरला तो हाच. त्याला 'ओल्ड रिलायबल' म्हणत. भरवशाचा म्हातारा! पहिल्या बेसवाल्याला याहून चांगलं नाव काय असणार? पण 1886 चं कार्ड थकलेल्या माणसाचं आहे. मी ते परत ठेवलं, आणि ठेवताना वाईट वाटलं.

चार्ल्स कॉमिस्कीवर मात्र मी आठवडाभर अडले. सेंट लुइस ब्राउन्सचा पहिला बेसवाला आणि कर्णधारही. 1885 ते 1888 सलग चार वर्षं त्याचा संघ अमेरिकन असोसिएशन जिंकला. 1886 मध्ये तर त्यांनी नॅशनल लीगच्या शिकागोलाही हरवलं. स्वतःची सरासरी .254, म्हणजे ब्रूथर्सच्या पासंगाला पुरणारी नाही. पण पहिल्या बेसला चिकटून न राहता लांब उभं राहून जास्त जागा राखायची, पिचरने पळत येऊन बेस सांभाळायचा, ही पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या आधीही काही जण तसं करत, पण त्याने ती संघाची शिस्त केली. मी स्वतः कधी बेसपासून चार पावलांच्या पुढे गेले नाही, सर ओरडायचे. म्हणून मला त्याच्या धाडसाचं कौतुक आहे. पण आमच्या खेळात कर्णधारपणाला कार्डावर जागा नाही. संघाला जिंकायला लावणाऱ्या माणसाची किंमत इथे .254 एवढीच राहते.

आता कॅप ॲन्सन. शिकागोचा. त्याच्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही, आणि त्याच्याबद्दल लिहायला माझा हात जड होतो.

आकडे बघा. 1886 मध्ये .371, आणि नंतरच्या संशोधकांनी जुन्या नोंदींवरून मोजल्याप्रमाणे त्याच्या फटक्यांवर 147 धावा आल्या, लीगमध्ये सर्वाधिक. यात त्याच्या आधी खेळणाऱ्यांचा वाटा धरायलाच हवा. माइक केलीने त्या वर्षी 155 धावा केल्या आणि जॉर्ज गोरने 150, म्हणजे ॲन्सन बॅट घेऊन आला की बेसवर कुणीतरी उभंच असायचं. मैदानाचाही हिशेब हवा. 1884 मध्ये शिकागोच्या लेक फ्रंट पार्कच्या कुंपणाला रेषेवर दोनशे फूटसुद्धा अंतर नव्हतं. ॲन्सनने त्या वर्षी 21 होम रन मारले. पुढच्या वर्षी मैदान बदललं, आकडा 7 वर आला. पण हे सगळं वजा करूनही तो थोर बॅटर होता. क्षेत्ररक्षणात पहिल्या बेसवर सर्वाधिक चुकांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. लोक तो विक्रम हसत सांगतात. मला ते पटत नाही. त्याच्या काळात इतकी वर्षं त्या जागेवर इतक्या चेंडूंना हात लावणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून चुकाही त्याच्याच जास्त. ॲन्सनसह शिकागोच्या आतल्या चार क्षेत्ररक्षकांच्या फळीला 'दगडी भिंत' म्हणत. भिंतीने ॲन्सनला मोठं केलं की ॲन्सनने भिंतीला, हे वहीतून निघत नाही.

हे झालं कार्ड. आता माणूस. 10 ऑगस्ट 1883 ला शिकागोचा संघ टोलीडोला सामना खेळायला गेला. टोलीडोचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू घेणारा, मोझेस फ्लीटवुड वॉकर कृष्णवर्णीय होता. उघड्या हातांनी चेंडू घेऊन घेऊन त्याचे हात इतके सुजले होते की त्या दिवशी त्याला विश्रांतीच द्यायची ठरली होती. ॲन्सनने बजावलं, हा मैदानावर असेल तर आम्ही खेळणार नाही. ते ऐकून टोलीडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टनने सुजलेल्या हातांच्या वॉकरला मुद्दाम बाहेरच्या क्षेत्रात उभं केलं. तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून ॲन्सन खेळला. पण त्याने हट्ट सोडला नाही. 14 जुलै 1887 ला न्यूअर्कमध्ये जॉर्ज स्टोव्ही या कृष्णवर्णीय पिचरविरुद्ध खेळायला त्याने पुन्हा नकार दिला, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचा नाही. एकट्या ॲन्सनने दार बंद केलं असं नाही. पण दार ढकलणाऱ्या हातांत सगळ्यांत प्रसिद्ध हात त्याचा होता.

हे वाचताना मला पालवणकर बाळू आठवत राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला, पुण्यात इंग्रजांना नेट्समध्ये गोलंदाजी करणारा, पुढे हिंदूंच्या संघाचा आधार झालेला डावरा फिरकी गोलंदाज. मैदानावर त्यांनी हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आपल्याकडे माणसाला मैदानावर घेऊन बाहेर बसवलं. तिकडे मैदानच काढून घेतलं. यात कमी वाईट काय हे मी ठरवू शकत नाही, आणि ठरवायची माझी इच्छाही नाही.

पण भावाशी माझं यावरून भांडण झालं. तो म्हणाला, "ताई, कार्डाला काय कळतंय? आपण 1886 ची बॅटिंग खेळतोय, चारित्र्य नाही." त्याचं म्हणणं चूक नाही. मी म्हटलं, "अरे, पण आपल्या डब्यात जी कार्डं नाहीत ती का नाहीत?" 1886 च्या त्या दोन मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. वॉकर तेव्हा कनेटिकटमधल्या वॉटरबरीत, एका छोट्या लीगमध्ये खेळत होता. फ्रँक ग्रँटसारखा दुसरा बेसवाला, ज्याला 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं, तो बफेलोच्या संघात. त्या वर्षीचं सर्वोत्तम बेसबॉल म्हणून आपण जो डबा उघडतो, तो आधीच कुणीतरी निवडून, वेचून, अर्धा रिकामा करून आपल्या हातात दिलेला आहे. कुठल्या पहिल्या बेसवाल्याला जागाच मिळाली नाही, त्याचं कार्ड कुणी छापणार? भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग मी घेऊ का त्याला?" "घे," म्हटलं. त्याने चौथ्या क्रमांकावर ॲन्सनला घेतलं. त्याला पूर्ण हक्क आहे, आणि ॲन्सन त्याच्यासाठी उत्तम खेळतो. मला तो माझ्या वहीच्या पानावर रोज लिहायचा नव्हता, इतकंच.

पाचवी पाळी माझी होती. मी रॉजर कॉनरला घेतलं. न्यू यॉर्क जायंट्स. सहा फूट तीन इंच, आणि डावखुरा.

1886 मध्ये .355 आणि 20 ट्रिपल, नॅशनल लीगमध्ये पहिला. कारकिर्दीत 138 होम रन. हा विक्रम 1921 मध्ये बेब रूथने मोडला, आणि मोडला तेव्हा तो विक्रम होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कॉनरचे आकडे नीट मोजूनच ठेवलेले नव्हते. कॉनर तेव्हा जिवंत होता, आपल्या गावी वॉटरबरीत. हो, तेच वॉटरबरी, जिथे 1886 मध्ये वॉकर खेळत होता. 1931 मध्ये कॉनर वारला, आणि थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो 2001 साली बसवला, लोकांनी पैसे जमवून. हॉल ऑफ फेमने त्याला 1976 मध्ये घेतलं होतं.

पण यातल्या कुठल्याच कारणाने मी त्याला घेतलं नाही. कारण होतं माझा शॉर्टस्टॉप. सिनसिनाटीचा फ्रँक फेनेली मी आधीच हेरून ठेवला होता. बॅट चांगली, आणि चुका भयंकर. 1886 च्या एका मोसमात शंभराहून जास्त! तेव्हाची मैदानं ओबडधोबड, हात उघडे, संघाच्या सामन्याला तीन-चार चुका रोजच्याच. तरी शंभर म्हणजे शंभर. सिनसिनाटीत त्याचे थ्रो घ्यायला जॉन राइली असायचा, तोही उंच, 'लाँग जॉन', आणि खेळ नसेल तेव्हा शिळाछापाच्या कारखान्यात चित्रं काढणारा. मी कार्डाकडे बघत विचार केला, या शंभर चुका राइलीने घेता येतील तेवढे घेतल्यानंतर उरलेल्या आहेत की राइलीच्या हातून सुटलेल्या? फेनेलीचे खरे वाईट थ्रो किती होते? दीडशे? दोनशे? वही यावर मुकी आहे. माझी शॉर्टस्टॉप आठवली. तिच्या चुका आमच्या कॉलेजच्या वहीत चार दिसतात. मी सांगू शकते किती होत्या.

म्हणून मला लांब हाताचा डावखुरा हवा होता. तिथे मात्र खेळानेच मला अडवलं. आमच्या कार्डांच्या नियमात फेनेलीच्या थ्रोची चूक आली की चूकच. पहिल्या बेसवर कॉनर असो की कुणी असो. नियम करणाऱ्यांनी वही प्रमाण मानली, आणि वहीत ते झेल कधी आलेच नव्हते. मी तीन रविवार वाद घातला. शेवटी एक जास्तीचा नियम सगळ्यांनी मान्य केला. थ्रोची चूक आली आणि पहिल्या बेसवाल्याला क्षेत्ररक्षणात वरचा दर्जा असेल, तर एक फासा पुन्हा टाकायचा. पाच किंवा सहा आला तर त्याने चेंडू मातीतून उचलला, बॅटर बाद. भावाचा एक मित्र म्हणाला, याला पुरावा काय? मी कॅमेऱ्यासमोर करंगळी धरली.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा तो नियम लागू झाला. सामना भावाच्याच संघाशी. सातवा डाव, दोघं बेसवर, आणि बॅट हातात ॲन्सन. फासे पडले. जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे. भावाने तक्ता वाचला, "फेनेली. थ्रोची चूक. दोन धावा, ताई." मी म्हटलं, "थांब." फासा मुठीत घेतला. बाहेर दूधवाल्याची घंटी झाली, मी उठले नाही. फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि पाचावर थांबला.

दोघंही काही क्षण बोललो नाही. मग त्याने विचारलं, "आता वहीत काय लिहायचं?"

बेसबॉलच्या वहीत शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, पहिल्या बेसवाल्याचा तीन. मी पेन्सिलीने लिहिलं, 6-3. त्याच पानावर वर दुसऱ्या डावात एक 6-3 होता, पाचव्यात एक. तिन्ही सारखेच दिसत होते.